पॉलिशच्या दोन हातांमधला वेळ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, धंदा लाकडी सामानाला पॉलिश करणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणताही आजार नाही. मग आत्ताच का, असे घरात तीनदा विचारून झाले. उत्तर कलम पाचमध्ये आहे. मी सहावीपर्यंत शिकलो. कायद्याचे पुस्तक वाचनालयातून आणून दोनदा वाचले, त्यामुळे भाषेत चूक निघाल्यास ती पुस्तकाची समजावी.

१. राहते घर, गच्चीवरच्या अकरा कुंड्यांसह, पत्नीला. नऊ वर्षांपूर्वी तिने माझ्या ताटात निम्मी जागा भाजीला दिली, तेव्हा मी "मला काय बैल समजलीस?" असे बोललो होतो. ते शब्द मी येथे मागे घेतो. घराला अट नाही, विनंती आहे. छातीच्या तपासणीची तारीख तिने तीनदा पुढे ढकलली: एकदा पाहुणे, एकदा नळाला पाणी नाही, एकदा कारणच नाही. चौथी तारीख येत्या गुरुवारी, सकाळी दहा. तोवर मी जिवंत असेन असे धरून सोबत येणार आहे.

२. बँकेतली ठेव आणि सायकल मुलीला. ठेव तिने हवी तशी वापरावी, सायकलीला मात्र दर पंधरवड्याला तेल. "बाबा, आमच्या ऑफिसात लिफ्ट आहे," असे ती म्हणते. लिफ्ट ऑफिसची आहे, गुडघे तिचे आहेत.

३. समोरचा शिंपी. मी घासकाम करताना मास्क लावू लागलो, तेव्हा हा भर रस्त्यात म्हणाला, "आले बघा दरोडेखोर." लाकडाची धूळ वर्षानुवर्षे नाकात जाणे बरे नव्हे, हे मी त्याला वाचून दाखवले. तो हसला. मी विसरलेलो नाही. कोरे मास्क त्यालाच ठेवणार होतो, कारण कापडाचा भुगा त्याच्याही नाकात जातो. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असे पुस्तकात आहे, आणि साक्षीला दुसरे कोणी वेळेवर येत नाही. म्हणून मास्क आजच दिले. येथे फक्त राग नोंदवला आहे.

४. काचेचे सहा प्याले, जे सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मी भलत्या कामाला वापरले, ते घरातच राहावेत. मी गेल्यावर जमणाऱ्यांना त्यांतून लिंबाचे सरबत द्यावे. कोणी तोंड वाकडे केल्यास माझे नाव सांगावे.

५. दुकान. येथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

लाखेच्या पॉलिशचा एक हात दिला की तो वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. घाई केली की डाग पडतो. हा वेळ कसा मोजावा हे मला कोणी शिकवले नाही. मी स्वतः शोधले आणि वहीत लिहिले: 'दोन हातांमध्ये एक सिगारेट, सावकाश.' आत स्पिरिट असल्यामुळे ओढायची ती बाहेरच्या पायरीवर. माप अचूक होते. मला त्याचा अभिमान होता.

धाकटा भाऊ सतराव्या वर्षी माझ्या हाताखाली आला. वही वाचून म्हणाला, "दादा, मी तर ओढत नाही. मी काय मोजू?"

मी म्हणालो, "मग शीक."

दुकानात घड्याळ होते. भिंतीवर, दोघांच्या डोळ्यांसमोर.

तो शिकला. काम माझ्याहून सुबक करायचा. मोठ्या कपाटाला चौदा हात लागतात, म्हणजे तेरा सिगारेटी. चव्वेचाळिसाव्या वर्षी तो फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेला. मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "सिगारेटचा हात मोठा असणार, पण एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. आणि तुम्ही आता सोडलीत तर हमी मिळेल असंही नाही. शक्यता कमी होते, एवढंच."

एवढे मला पुरले. त्याच महिन्यात सोडली.

त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, आता चोवीस वर्षांचा आहे आणि दुकान त्यालाच द्यायचे हे कधीचे ठरले आहे. गेल्या महिन्यात तो मला पायरीवर दिसला, हातात सिगारेट.

"काय रे हे?"

"काका, पहिला हात वाळतोय," तो म्हणाला. "तुमच्याच वहीत लिहिलंय."

त्याच संध्याकाळी मी हे लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात अट होती: सोडली तरच दुकान. पत्नीने वाचले आणि कागद परत दिला. "अहो, मेल्यावरही त्याचे खिसे तपासणार का? आणि शिकवलं कोणी, तेही लिहा की."

अट खोडली. कोणी शिकवले ते वर लिहिले आहे.

तर दुकान, सर्व हत्यारे आणि वही पुतण्याला, विनाअट. वहीतली ती ओळ मी कापली आहे, पण वाचता येईल अशी. तिच्याखाली नवे माप आहे: 'दोन हातांमध्ये कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत जाऊन परत. ९१२ पावले.' हे मी नऊ वर्षे वापरतो आहे. पॉलिशला फरक पडलेला नाही. माझे पोट चार इंच उतरले आहे. बाळा, तुझ्या वडिलांची यात चूक नव्हती, तुझीही नाही. माप चुकले ते माझे. वही माझ्या मरणाची वाट न बघता आज सकाळीच तुला दिली आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून, दोन ठिकाणी दुरुस्त करून, खाली सही केली आहे.

लिहून ठेवणार: पॉलिशवाला (सही)

साक्षीदार १: समोरचा शिंपी (सही). "माझ्यावरच राग आणि सहीही माझीच?" असे विचारून केली.

साक्षीदार २: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: दुकानाची पुढची खोली. मंगळवार, तारीख चौदा, सकाळी सव्वाअकरा.

ता. क. सह्या होईपर्यंत पुतण्याला बाहेर थांबायला सांगितले होते. पाहिले तर पायरी रिकामी. शाई वाळत असताना तो दिव्याच्या बाजूने चालत आला. म्हणाला, "काका, आठशे चाळीस भरतात." त्याचे पाय लांब आहेत हे मान्य, पण एवढा फरक मला पटत नाही. टेबलाचा दुसरा हात झाला की दोघे बरोबर जाऊन मोजणार आहोत.