वीतभर साखळी

शनिवार, ६ सप्टेंबर

जिंकलो! आमचे पाणउंदीर १०, पाहुणे ७. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मोसमाचा पहिलाच सामना, घरचं मैदान. शेवटी शेवटी वाद — चेंडू दहा यार्ड गेला की नाही? मग काय, आमची वरात आत! मी मागची काठी रोवली, आर्विडने पुढची, मधली साखळी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या बोटभर पुढे! अख्खं कॉलेज उठून उभं राहिलं. आमच्यासाठी नव्हे, पण राहिलं.

बायको, इर्मा, म्हणते, "चार डावांत दहा यार्ड गेले की नाही, एवढं बघायला तीन म्हातारे?" हो, तीन! मी, आर्विड, आणि डावाचा आकडा धरणारा लायल. लायलचं खरं काम निरोप्याचं. आर्विड माझ्याशी बोलत नाही. २००६ पासून. एकाच साखळीची दोन टोकं धरून आम्ही उभे, आणि लायल धापा टाकत येतो — "आर्विड म्हणतो, तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

शनिवार, १३ सप्टेंबर

बाहेरगावी. ३–४१. जाऊ दे.

शनिवार, २० सप्टेंबर

घरी. पुन्हा जिंकलो, पुन्हा साखळीवर, तेही दोनदा! कोच ग्रुनवाल्डने सगळ्यांदेखत साखळीचा मुका घेतला. ओठांना गंज लागला. लायल म्हणाला, "धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या."

आमच्या पोरांना चेंडू फेकता येत नाही. पोटाशी धरायचा आणि मुसंडी मारायची. तीन यार्ड, तीन यार्ड, तीन यार्ड. उरलेलं देवावर आणि आमच्यावर.

शनिवार, २७ सप्टेंबर

बाहेरगावी. ०–३८. पेपरात छापलंय, घरच्या मातीत जादू आहे. माती कसली, गवत आहे. आणि तेही मरायला टेकलंय.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गॅरेजमध्ये स्क्रू शोधत होतो. कॉफीच्या जुन्या डब्यात तळाशी साखळीचा तुकडा सापडला. लाल रंगाचा. वीतभर!

एकदम आठवलं. २००६, ऑक्टोबर. मिरवणुकीतला ट्रॅक्टर साखळीवरून गेला. दुसऱ्या दिवशी सामना. मी वाकलेल्या कड्या कापल्या, दोन टोकं जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली. म्हटलं, सोमवारी कड्या सरळ करून परत लावू. तो सोमवार अजून यायचाच आहे!

म्हणजे एकोणीस वर्षं आमचे दहा यार्ड दहा नाहीतच. आणि मी कोण? जिल्ह्याचा वजन-माप इन्स्पेक्टर! एकतीस वर्षं पेट्रोल पंप तपासले, काटे तपासले. आर्विडच्या मांसाच्या दुकानातला काटा दोन औंस जास्त दाखवत होता. मी त्याच्या दारावर 'काटा खोटा' अशी लाल चिठ्ठी चिकटवली. त्याच वर्षी, ऐन इस्टरच्या आठवड्यात, गिऱ्हाइकं रांगेत उभी असताना. तो म्हणाला, "डेलमार, आत ये, बोलू." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." तेव्हापासून तो गप्प आहे, आणि आम्ही मांस शेजारच्या गावातून आणतो. भिकार मांस.

दोन औंसांसाठी! आणि मी? वीतभर!

शनिवार, ११ ऑक्टोबर

घरी. जिंकलो. साखळीवर. मी डोळे मिटून काठी धरली. लायल आला — "आर्विड विचारतो, झोपलास काय?"

रविवार, १२ ऑक्टोबर

इर्माला सांगितलं. आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "दोन्ही संघांना तीच साखळी ना? मग झालं तर! झोप."

झोप कसली! समोरचे चेंडू लांब फेकतात, एका फटक्यात वीस यार्ड. त्यांना वीतभराचं काय? सरपटणारे आम्ही. वीतभराचं पुण्य सगळं आमच्या पदरात! घरी जिंकतो आणि बाहेर मार खातो, ते उगाच नाही.

"मग आर्विडला सांग," ती म्हणाली.

आर्विडला? त्यापेक्षा मी मैदानात नागडा फिरेन.

रविवार, २ नोव्हेंबर

घरचे चारही सामने जिंकलो, बाहेरचे चारही हरलो. येत्या शनिवारी शेवटचा. नदीपलीकडचे येतायत. बक्षीस — लोणी घुसळायचा जुना लाकडी डेरा. बावीस वर्षं तिकडेच आहे. बेकरीवालीने आतापासूनच दुकानाच्या काचेत जागा रिकामी करून ठेवलीय. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा डेऱ्याबद्दलच बोलला.

हा डेरा मला हवाय. या गावात माझ्याइतका कोणालाच नको असेल! पण चोरीचा नको.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

केलं! दुपारी कॉलेजच्या सामानाच्या खोलीत गेलो. साखळी झाडूंच्या मागे गुंडाळून पडलेली. मधला माझा जोड सापडला, पट्टी तीच. कापला, तुकडा बसवला, पुन्हा पट्टी मारली. मोजून बघावंसं वाटलं, पण खोली केवढीशी! आणि मोजायचं काय त्यात? कमी पडलेला तुकडा माझ्याच हातात होता की!

महिन्याभराने आज पोटभर जेवलो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

१३–१४. हरलो.

शेवटचं मिनिट. चौथा डाव. आमचा तो टोणगा स्विगार्ट तिघांना अंगावर घेऊन पडला. पंचांनी आम्हाला बोलावलं. मी काठी रोवली. आर्विडने साखळी ताणली. चेंडू मागे राहिला.

वीतभर. बरोबर वीतभर!

पलीकडचे नाचायला लागले. स्विगार्ट गवतावर बसून लहान पोरासारखा रडत होता. माझ्याही डोळ्यांना धार लागली, पण मान ताठ! खरं माप होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच खरं.

आर्विड मात्र आपल्या काठीशी वाकून बघत राहिला. मग काठी टाकून, लायलला ओलांडून, थेट माझ्यासमोर आला.

"साखळीला हात लावलास?"

एकोणीस वर्षांतले पहिले शब्द! मी म्हटलं, "लावला. वीतभर कमी होती. माझीच चूक होती, दुरुस्त केली."

मग तो खाली बसला आणि हसायला लागला. हसतोय, खोकतोय, डोळे पुसतोय! लायल मधे उभा, निरोप कोणाचा कोणाला द्यायचा ते त्याला कळेना.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी आर्विड दारात. एका हातात सॉसेजचं पुडकं, खांद्यावर साखळी. अंगणात पसरली आणि म्हणाला, "मोज, इन्स्पेक्टर."

मोजली. दहा यार्ड आणि वर एक वीत.

त्याच्या काठीला लागून नऊ कड्या वेगळ्या. त्याने जोडलेल्या, २००६ च्या त्याच सोमवारी. त्या टोकाला मी एकोणीस वर्षांत कधी गेलोच नव्हतो. म्हणजे गुरुवारपर्यंत माप बरोबरच होतं!

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर साखळीवर लाल चिठ्ठी लावली असतीस. स्वतःच्याच."

इर्माने कॉफी ठेवली. डेऱ्याचं कोणाला सांगायचं नाही असं तिघांचं ठरलं. लायललाही नाही. सॉसेज वजन न करता तव्यावर टाकली.