एका सपाट माणसाची मिळकत

मी, दिनानाथ ढुंढिराज टेंबे, वय चौऱ्याहत्तर, राहणार मंगला गौरीजवळ, वाराणसी, कॉलेजात कादंबरी शिकवून निवृत्त झालेला, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही. भांग घेतलेली नाही. साक्षीदारांनी तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते का रद्द केले हे खाली येईलच.

१. पुस्तके कॉलेजच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांनी नको म्हटले तर रद्दीवाल्याला द्यावीत, पण तो वजन करत असताना घरचे कोणीतरी जवळ उभे राहावे.

२. स्वखर्चाने छापलेल्या माझ्या एकुलत्या एका कादंबरीच्या प्रती पलंगाखाली आहेत. त्या कोणाच्याही गळ्यात मारू नयेत. मी वर्गात जन्मभर एकच सांगत आलो : पान हाताने झाका आणि हा माणूस पुढे काय करील ते सांगा. अचूक सांगता आले तर पात्र सपाट. चुकलात, आणि हात काढल्यावर ‘हो, हे असेच करणार’ असे पटले, तर भरीव. पोरे म्हणत, टेंबे सर पुढे काय बोलणार ते पान झाकूनही कळते. निरोपसमारंभात त्यांनी मला पापडांचा डबा दिला.

एवढे शिकवून मी लिहिले काय, तर त्या कादंबरीतला लोभी पुतण्या शेवटपर्यंत लोभी आहे, आणि विधवा वहिनी खिडकीत बसून गंगेकडे बघते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघते. मित्र प्रल्हाद शेंडे वाचून म्हणाले, “दिनानाथ, तुझी सगळी पात्रं बंद दाराखालून आत सरकवता येतील.” हे मी विसरलेलो नाही. वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये. म्हणून प्रल्हादांना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

३. घर. हे मी नोकरीत असताना घेतले, माझ्या एकट्याच्या नावावर आहे. थोरले बंधू गेल्यापासून ते चालवले मात्र त्यांच्या पत्नी शरदिनी वहिनींनी. मी लग्न केले नाही, त्यामुळे मलाही त्यांनीच चालवले. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की वहिनींना मागची खोली तहहयात राहण्यासाठी मिळावी, विकण्याचा किंवा किरायेदार ठेवण्याचा अधिकार नसावा, आणि त्यांच्यामागे सगळे घर त्यांचा मुलगा निमिष याचे व्हावे. आपण फार उदार आहोत अशा समजुतीत मी कागद त्यांना वाचायला दिला.

त्या मेथी निवडत होत्या. चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, “भावजी, ही तुमच्या कादंबरीतलीच बाई. खिडकीत बसवलीत आणि मरायची वाट बघताय.”

मी म्हटले, “अहो, तुमच्या सोयीसाठीच लिहिलंय. तुम्हाला गंगा दिसते त्या खोलीतून.”

“मी गंगा बघत नाही. वाळत घातलेली लुगडी माकडं नेतायत का ते बघते.” मग म्हणाल्या, “द्यायचं तर घर द्या. नाहीतर खोलीही निमिषला द्या. मी भाड्याने राहीन कुठेतरी.”

“घेऊन करणार काय? विकणार?”

“मी म्हटलं का तसं?”

मला राग आला. दोन दिवस मी अबोला धरला, जो त्यांच्या लक्षातही आला नाही. तिसऱ्या दिवशी त्या एकट्याच नावेने रामनगरला गेल्या. संध्याकाळी पिशवीभर वांगी घेऊन आल्या आणि भरीत करता करता सहज सांगितले, तिथे दोन खोल्या बघून आले, ऊन चांगले येते. या बाईला काही हवे असेल, हे मी तिच्या हातचे इतकी वर्षे जेवून एकदाही मनात आणले नव्हते. मला त्या जायला नको आहेत. हे तोंडाने म्हणवत नाही, म्हणून कायद्याच्या कागदात लिहितो.

सबब संपूर्ण घर शरदिनी वहिनींना पूर्ण मालकीने देत आहे. त्यांनी राहावे, विकावे, किरायेदार ठेवावे, कुलूप लावून निघून जावे. कारण विचारण्याचा हक्क कोणालाही नाही. माझ्या हयातीत मलाही नाही.

४. निमिषला फोनवर हे सांगताना मी भांडणाची तयारी ठेवली होती. तो म्हणाला, “ठीक आहे ना काका, आई बघून घेईल.” मी गहिवरलो. लगेच त्याने विचारले, “और वो फ्रिज?” फ्रिज निमिषला द्यावा. पोरगा माझ्या कादंबरीतल्या पुतण्यापेक्षा बराच बरा आहे.

५. बँकेतली शिल्लक आधी माझ्या क्रियाकर्माला, उरेल ती वहिनींना. शोकसभेत प्रल्हादांना बोलू देऊ नये.

हे सर्व वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. त्यांना चहा मी केला, साखर सापडली नाही. वहिनी घरात नाहीत. कुठे जाते ते सांगून गेल्या नाहीत, आणि परत कधी येणार हे मला खरोखर सांगता येत नाही. चाबी मात्र घेऊन गेल्या आहेत, एवढ्यावर मी बसलो आहे.

वाराणसी, दि. २० नोव्हेंबर २०२४
(सही) दिनानाथ ढुंढिराज टेंबे

साक्षीदार :
१. (सही) विश्वजीत काशीनाथ पाध्ये, शेजारी
२. (सही) प्रल्हाद शेंडे. चहा फिका होता. वहिनी आल्या, दिनानाथची सही होताच जिन्यावर पाऊल वाजले, आणि तो पेन टाकून दार उघडायला धावला. हे मला अपेक्षित नव्हते.