दिवा वाढव

सातारा, १० ऑक्टोबर १९४९

प्रिय लालासाहेब,

अक्षर बघून कुणा शाळकरी पोराचा उद्योग समजू नकोस. डाव्या हाताने लिहितो आहे. उजव्याची दोन बोटं गेल्यापासून पेन त्या हातात ठरत नाही, आणि डाव्याला अजून काना-मात्रेची शिस्त लागायची आहे. मोर्सची चावी मात्र डाव्याने बरी चालते. परवा सिलोनचा तो आपला नेहमीचा गृहस्थ वायरलेसवर भेटला. त्याने पहिलं काय विचारावं? सातारला नवा माणूस आला का, हात ओळखीचा वाटत नाही. मी सांगितलं, माणूस जुनाच, हात बदलला. मग त्याने विचारलं, सांगलीवाला कुठे आहे? मी ‘प्रवासात’ असं ठोकून दिलं. लाला, तू अकरा महिने प्रवासात आहेस. चार पत्रं पाठवली, चारही पत्रांना उत्तर आलं ते ‘सर्व क्षेम’ एवढंच. काल सुलावहिनींचं पोस्टकार्ड आलं म्हणून हे पाचवं. त्या कार्डाबद्दल शेवटी लिहितो. आधी लिहिलं तर बाकीचं लिहायचं धैर्य राहणार नाही.

घरचं सगळं बरं आहे. आई महिनाभर राहून परवाच रहिमतपूरला गेली. खंडेनवमीला मी पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मीटर, सगळं पाटावर मांडलं. हरणाबाईने हळदकुंकू वाहिलं आणि भिंतीवरची आपली ती बांबूची काठीही आणून ठेवली. पितळी आकड्याची, तांब्याची वेणी लावलेली. तिने काठीला झेंडूचं फूल वाहिलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. बायकोचं तसं बघणं काय असतं, हे तुला ठाऊक आहेच.

तो ट्रान्सफॉर्मर आठवतो का रे? पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी मालाच्या ढिगाखाली तो सापडला तेव्हा आपण दोघं लग्नातल्या करवल्यांसारखे नाचलो होतो. चौदा-पंधरा शेर वजन. आगगाडीत तू तो घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेतलास. अर्ध्या वाटेवर समोरची म्हातारी न राहवून म्हणाली, “लय येळ निजलंय की वो लेकरू, दूध तरी पाजा.” आणि तू इतक्या गंभीरपणे “आजारी हाय आजी” म्हणालास, की सातारारोडला उतरेपर्यंत ती त्याला देवाचं नाव घेऊन फुंकर घालत होती. त्या फुंकरीनेच तो चालला असेल, नाहीतर ब्रह्मदेशच्या पावसात भिजलेला माल कुठला चालायला!

लढाई सुरू होताना सरकारने बंद केलेले वायरलेसचे परवाने परत मिळाले, आणि आपण दोघं लष्कराच्या सिग्नलमधून सुटून आलेले रिकामटेकडे हवालदार कामाला लागलो. छोट्या सेटने मद्राससुद्धा धड ऐकत नव्हतं. म्हणून हा मोठा अँप्लिफायर. तांब्याएवढे दोन व्हॉल्व्ह, पाऱ्याच्या नळ्यांचा तो निळा उजेड, आणि दोन हजार व्होल्ट. त्याची भीती मला नव्हती असं नाही. जबलपूरला मी रंगरुटांना शिकवायचो तेव्हा पहिल्या दिवशी एकच सांगायचो: चूल विझली तरी तवा हात भाजतो. कंडेन्सर तसाच. वीज बंद केली तरी तो आपल्या पोटात धरून बसतो, म्हणून आधी तांब्याच्या वेणीने जमिनीला जोडलेली काठी त्याच्या डोक्याला लावायची, ‘चट्’ आवाज ऐकायचा, काठी तिथेच टांगून ठेवायची आणि मगच हात घालायचा. तोही उजवा. डावा कमरेला खोवून ठेवायचा, म्हणजे वीज छातीतून पार जाणार नाही. आणि स्विचवरच्या माणसाला सांगायचा शब्द एकच, ‘बंद’. ‘थांब’ नाही, ‘पुरे’ नाही. बंद. त्याने शून्यावर आणून तोच शब्द परत ओरडायचा. एकदा एका रंगरुटाने ‘ठीक आहे’ म्हटलं तर मी त्याला मैदानाच्या सहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तू हसला होतास, नाथा म्हणजे सोवळ्यातला भटजी, म्हणून.

आता तो रविवार. तुझ्या मनात तो रोज असणार, पण आज मला माझ्या बाजूने लिहू दे. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. हरणाबाईने नारळ आणून दिला, तू उंबऱ्यावर वाढवलास आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा अँप्लिफायरपुढे ठेवलास. सप्लायची पेटी ओसरीवर, कारण तिची घरघर आत ऐकवत नव्हती. तू पेटीपाशी, हात स्विचच्या मुठीवर. शून्यापासून पाचापर्यंत घरं. मी आतल्या खोलीत, मधे फळ्यांची भिंत. हवेवर जाण्याआधी चाचणी म्हणून एरियलच्या जागी साधा दोनशे वॅटचा दिवा जोडलेला. तू दुसऱ्या घरावर आणलंस आणि दिवा लागला. लाला, इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता. हे हरणाबाईला सांगू नकोस.

मग वेटोळ्याच्या चिमट्यापाशी ठिणगी उडाली. जळका वास आला. चिमटा ढिला होता, त्याखालचा बेकेलाइट काळा पडत होता. मी ओरडलो, तू मूठ फिरवलीस, मी हात घातला. पुढचं मला आठवत नाही. तू शून्यावर आणलंस, मला उचलून टांग्यात घातलंस आणि इस्पितळापर्यंत माझं डोकं मांडीवर धरून बसलास, हे मला इतरांनी सांगितलं. डावा हात कमरेला होता म्हणून वाचलो. दोन बोटांवर निभावलं. तेवढा एक नियम मी पाळला होता.

शुद्धीवर आलो तेव्हा तू उशाशी होतास. तू म्हणालास, “नाथा, तू वाढव म्हणालास ना? मी पाचावर नेलं.” आणि मी म्हणालो, मी ‘बंद’ म्हणालो. हे मी ठासून म्हणालो. कारण माझ्या डोक्यात तर बंदच होतं! मरायला टेकलेला माणूस दोन हजार व्होल्ट वाढव कशाला म्हणेल? पलीकडे आमचे चुलते नानासो बसले होते. ते म्हणाले, “त्येचा कान ब्रह्मदेशात गेलाय न्हवं तोफंनं. त्याला काय ऐकू येतंय?” तू तुझ्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरलीस आणि खाली बघत म्हणालास, “मलाच नीट ऐकू आलं नसंल रं.” तो तुझा चेहरा मी विसरलो नाही. शिवाय लोक विचारायचे, काठी का नाही लावली? मी सांगायचो, बायकोने शेवग्याच्या शेंगा काढायला नेली होती. सगळे हसायचे, बायकांना काय कळतंय म्हणायचे, आणि मी सुटायचो.

आता जे लिहितो ते नीट वाच. इस्पितळातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आई शुश्रूषेला आली होती. पहाटे माझी पट्टी बदलायला दिवा लावला होता, विजेचा, आढ्याला टांगलेला. पट्टी झाली, उजाडलं, आणि आई हरणाबाईला म्हणाली, “उजाडलं की गं. वाढव त्यो दिवा.” हरणाबाईने बटण दाबलं. दिवा गेला.

मी अंथरुणात उठून बसलो. आमच्या घरात ‘विझव’ हा शब्द कुणी उच्चारलेला मी ऐकला नाही. दिव्याला विझव म्हणायचं नाही, अभद्र. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दिवा वाढव म्हणजे दिवा मालव. जन्मल्यापासून तेच ऐकलं. जबलपूरची शिस्त सहा वर्षांची, आईचा शब्द जन्माचा. समोर दिवा जळत होता, जळका वास आला, जिवाचं भय वाटलं, आणि माझ्या तोंडून आईचा शब्द गेला. माझा आवाज मला तेव्हा परत ऐकू आला, जसाच्या तसा: “दिवा वाढव! वाढव रं लवकर!” आणि तू, हातात मूठ, समोर पाच घरं, पलीकडे दिवा, तू काय करणार? तू वाढवलास. सांगितलं तेच केलंस.

म्हणजे घरी येऊन दुसऱ्याच दिवशी मला कळलं होतं, लाला. अकरा महिने कळलेलं आहे. पहिले काही दिवस मी खरोखर चुकत होतो, पुढे सगळं खोटं. ज्याने एका शब्दासाठी दुसऱ्याला सहा फेऱ्या मारायला लावल्या, त्याच्याच जिभेने दगा दिला, हे मला कुणाला सांगवेना. लोक बघायला यायचे, हळहळायचे, माझ्या सावधपणाची तारीफ करायचे. ते गोड लागत होतं. मनाशी म्हणायचो, लालाचं काय बिघडलं, तो धडधाकट आहे, सांगलीला मजेत आहे. आणि काठीचंही सांगून टाकतो. काठी खिळ्यालाच होती, माझ्यापासून हातभर अंतरावर. घाईत लावली नाही. हरणाबाईकडे शेंगा काढायला स्वतःची आकडी आहे. अकरा महिने तिने तो आळ चार लोकांत सोसला आणि एका शब्दाने मला उघडं पाडलं नाही.

काल मात्र तिने तोंड उघडलं. सुलावहिनींचं कार्ड वाचून मी खिशात घालू लागलो तेव्हा तिने ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं आणि म्हणाली, “आवं, काठीचा आळ माझ्यावर घातला, त्यो मी सोसला. दाल्ल्यानं बायकोवर घातला, घरातलं घरात ऱ्हायलं. पर त्येंच्या कानावर कशापायी? आता तरी लिवा.” तिने दौत पुढे ठेवली. मी आजचा अर्धा दिवस दौतीकडे बघत बसलो होतो, हेही लिहून टाकतो.

वहिनींनी लिहिलंय की सरकारी वायरलेसच्या नोकरीसाठी तू लेखी परीक्षेत पास झालास, आता येत्या अठरा तारखेला पुण्याला फक्त कानाची परीक्षा उरली आहे, मोर्स ऐकून उतरवून घ्यायची. आणि तू जाणार नाहीस. हेडफोन ट्रंकेत घालून कुलूप लावलंस. “माझ्या कानाचा भरवसा न्हाई, एकाची बोटं घालवली, आनी कुणाचा जीव घालवू?” असं म्हणालास. लाला, आराकानच्या जंगलात, पावसात, दहा स्टेशनांच्या कालव्यातून आपल्या पलटणीची हाक तू एकट्याने ओळखली होतीस. मी शेजारी बसून दोन्ही कानांनी बहिरा होतो. तो कान मी अकरा महिने खोटा पाडला. सोबत दुसरा कागद आहे, त्यावर हेच सगळं लिहून मी सही केली आहे, हरणाबाईची सही साक्षीला आहे. नानासोंनाही आज सांगून आलो. तुला वाटेल त्याला तो दाखव. क्षमा करायची की नाही ते तुझं तू बघ, त्यासाठी अठरा तारीख चुकवू नकोस. ट्रंक उघड, हेडफोन काढ आणि पुण्याला जा. परीक्षक जे वाजवील ते तुला जसं ऐकू येईल तसंच उतरव. एक अक्षरही पुन्हा विचारू नकोस. त्या दिवशी मी ‘वाढव’च म्हणालो होतो. तू बरोबर ऐकलंस.

तुझाच,
नाथाजी