रस्त्याकडची भिंत

सांगली, ऑगस्ट १९९६

प्रिय क्रांती,

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसले. आमच्या संस्थेनं रंगवलेलं 'ड्रायव्हर बंधूंनो, एड्सपासून सावध राहा' नेमकं तुझ्या कवठे महांकाळच्या सासरच्या भिंतीवर यावं, आणि सासूबाईंनी त्यावर शेण्या थापाव्यात! 'अक्का, तुमच्या एड्सवर ऊन झकास पडतंय, शेण्या लय लवकर वाळत्यात,' असं तूच लिहू शकतेस.

परवा जिल्ह्याच्या बैठकीत पुढच्या वर्षीचा पैसा कुठं लावायचा ते ठरलं. ट्रकतळ, धाबे आणि पुन्हा भिंती. मी उठून म्हणाले, गरोदर बायकांचंही रक्त तपासायला हवं. बैठक चालवणारे डॉक्टरसाहेब वाईट नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाले, "शालन, पांघरूण एवढंसं आहे. डोकं झाकू की पाय?" एक सभासद हसले, "आवं बाई, घरंदाज बायकांचा ह्यात काय संबंध?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पदवीधर झाले तेव्हा आबांनी आष्टाभर पेढे वाटले होते. शिकलं की लोक आपलं ऐकतात, असं तेव्हा वाटायचं.

आईनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवलीत. तुझं पहिलं बाळंतपण माहेरीच, आणि सुईण बयाबाईच, असा तिचा हट्ट आहे. पण तू आष्ट्याला जाऊ नकोस. सरळ माझ्याकडे सांगलीला ये.

तुझ्या उदयसिंहरावांना सारखा येतो तो ताप दृष्ट लागल्याचा नाही गं. ज्येष्ठात ट्रक घेऊन इकडे आले, तेव्हा त्यांनी रक्त तपासून घेतलं. एच.आय.व्ही. निघाला. माझ्यासमोर बसून रडले. "अक्का, क्रांतीला मीच सांगतो, तुमी बोलू नका," म्हणाले. मी शब्द दिला, वाट पाहिली. तुझ्या हसऱ्या पत्रावरून कळलं, त्यांनी सांगितलेलं नाही. म्हणून शब्द मोडतेय.

तुझंही रक्त तपासायला हवं. त्यात काही निघालं तर आमच्याकडे औषध नाही, बाळासाठीही नाही. दवाखाना दाखल करून घेईल की नाही, तेही सांगता येत नाही. खोटा धीर तुला कसा देऊ? बैठकीत 'गरोदर बायका' म्हणताना डोळ्यांसमोर तूच होतीस, पण तुझं नाव घेता आलं नाही. आम्ही सगळं रस्त्याच्या बाजूनं लिहिलं, क्रांती. त्याच भिंतीच्या आत तू झोपत होतीस.

ये. मी स्टँडवर थांबते.

तुझीच अक्का,
शालन