सातव्या प्रश्नाचं उणे उत्तर

देवळाली प्रवरा,
सोमवार, दुपार

तीर्थरूप आईस,

भार्गवीचा साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेलच (गुडघे सोडून, ते कुरकुरले नाहीत तर मलाच काळजी वाटेल). मी इथे अगदी मजेत आहे. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. तर आकडे फोनवर नीट सांगता येत नाहीत. (शिवाय माझा फोन वाजला की सासूबाईच आधी उचलतात. फार काळजी घेतात.)

माझ्या पीएचडीपायी जीव टांगणीला लागलाय. सुना सासरी किती सुखी, हे मोजायला मी कोल्हारच्या बायकांना वीस प्रश्न विचारले, प्रत्येकाला एक ते पाच गुण. 'भाजी कोणती ते मी ठरवते', 'दुपारी आडवं व्हायला मिळतं' असले. सातवा मुद्दाम उलटा ठेवला: 'माहेरी जावंसं वाटतं'. जिला फार वाटतं ती दुःखी, असं धरून त्याचे गुण उलटवायचे. पाचाचा एक, एकाचे पाच. म्हणजे सगळे प्रश्न एका दिशेने चालतात. पण कॉम्प्युटरने फॅक्टर काढला (म्हणजे कोणते प्रश्न एका सुरात बोलतात ते पाहिलं), तर एकोणीस प्रश्न शहाण्यासारखे अधिक आणि सातवा एकटा उणे! आमचे मार्गदर्शक शामकांत सर म्हणाले, "तुम्ही उलटवायलाच विसरलात." येत्या शुक्रवारी समितीपुढे उभं राहायचंय, नाहीतर वर्ष गेलं. मी घरी येऊन तुझ्या जावयावर खेकसले. कॉम्प्युटरमध्ये आकडे त्यानेच, गंधारनेच, भरले होते; म्हटलं, यानेही उलटवले, मीही उलटवले, म्हणजे परत जैसे थे. बिचारा शपथा घेत राहिला. शेवटी सगळे कागद पुन्हा तपासले. कुणीच चुकलं नव्हतं.

चुकलं होतं ते माझं गृहीत. छबूबाईंच्या सुनेने सासूसमोरच ठणकावलं होतं, "लई वाटतं! दर म्हैन्याला जाते बी!" छबूबाई हसून म्हणाल्या, "जाती, अन् चार दिस जास्तीच ऱ्हाती." तिचे बाकी गुणही वरचे. शेजारच्या घरात मात्र सून तोंड उघडायच्या आत सासूच उत्तरं देत होती, "भाजी ती कशाला ठरवंल? मीच ठरविते." सातव्याला सून सासूकडे बघत पुटपुटली, "न्हाई वाटत." तिचं सगळंच तळाला. जिला जायची मोकळीक, तिलाच जावंसं वाटतं म्हणता येतं. सर म्हणतात, प्रश्न काढून टाका. मी काढणार नाही, मग समिती काहीही म्हणो.

बाबांना नमस्कार. औषधं वेळेवर घे.

तुझी,
भार्गवी

ता. क. फॉर्म नीट समजतो का हे पाहायला पहिला मी स्वतःच भरला होता. सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. सातव्याला मी लिहिलंय, 'अजिबात वाटत नाही'.

आणखी एक. शनिवारी सकाळी तुझी तब्येत बिघडायला हवी. फोन सासूबाईंनाच कर. गुडघ्यांवर भागणार नाही, काहीतरी मोठं सांग.