मशीन सुरू झाल्यापासून दहा दिवस

६ मे, सोमवार

नाही केली सही! अभिजीत सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कॉलेजात कोंबडीच्या अंड्यांवर संशोधन होणार आहे. त्याला कमिटीची परवानगी लागते, अन् कमिटीत एक माणूस विज्ञानाबाहेरचा लागतो. तो माणूस म्हणजे मी. एसटीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा वाहतूक नियंत्रक म्हणून. सरांना वाटलं असेल, रिटायर बाई आहे, चहा पिईल अन् सही ठोकेल. "मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे. अंडी कालच आली खाप्याहून, चाळीस." आली तर आली! कागद वाचल्याशिवाय मी डेपोतून गाडी सोडली नाही कधी. फाईल घरी घेऊन आले.

७ मे

फाईल तीनदा वाचली. काम प्रियदर्शनीचं — सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, जरीपटक्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहते. सोयाबीनवर फवारतात ते औषध अंड्याला थोडंथोडं द्यायचं, अन् आतल्या पिलाचे पाय-पंख नीट घडतात का ते पाहायचं. काम सोन्यासारखं आहे. पोटुशा बाया उन्हातान्हात फवारणीच्या वावरात राबतात, त्यांचा प्रश्न आहे हा.

पण आमच्या कमिटीचा नियम पक्का — दहाव्या दिवशी थांबायचं. तोवर आतल्या जिवाला दुखणं कळत नाही, असं सर म्हणतात. त्यापुढं गेलं की ते नुसतं अंडं राहत नाही.

म्हणजे माझी सही ही हमी झाली, की कोणाला दुखणार नाही. अशी हमी चहाबरोबर देत नसतात!

९ मे

आज पारा ४४. तरी गेले कॉलेजात. सुट्ट्या लागलेल्या, चिटपाखरू नाही. प्रियदर्शनीनं मागच्या खोलीचं कुलूप काढून अंडी दाखवली. खिडकी बंद, पंखा बंद, नुसता उबारा. पाच मिनिटांत पदर ओला झाला. "मावशी, सही कधी करता? अंडी जुनी होऊन राहिली." म्हटलं, "घाई काहून वं? आधी नियम, मग अंडी."

मग मुद्द्याचं विचारलं. दहा दिवस, पण मोजायचे कुठून? अंडं घातलं तेव्हापासून? आणलं तेव्हापासून? अख्ख्या फाईलीत एक शब्द नाही! सरांना फोन लावला तर म्हणाले, "ते सगळ्यांना माहीत असते मॅडम." सगळ्यांना माहीत असते तेच कोणी लिहून ठेवत नाही, अन् मग भांडणं होतात. बारा वर्षं तेच तर निस्तरलं मी.

१० मे

नियम मीच लिहून दिला. "अंडी उबवण्याची मशीन सुरू होईल ती वेळ नोंदवावी व तेथून दहा दिवस मोजावे." गाडी फलाटावर कितीही वेळ उभी असो, ती सुटल्यावरच वेळ धरतात. सर म्हणाले, "वा मॅडम, हे आम्हाला सुचलंच नव्हतं." सुचणार कसं! टाईप होऊन यायला रविवार उजाडेल. येऊ दे.

१२ मे, रविवार

सही केली. मशीन ११ वाजून १० मिनिटांनी सुरू. वेळ माझ्या हातानं लिहिली.

१७ मे

दिव्यासमोर धरून अंडी पाहिली. आत लाल शिरांचं जाळं, अन् मधे काहीतरी काळं हलत होतं. बापरे! अंगावर काटा आला.

प्रियदर्शनी मात्र तेच अंडं पुन्हापुन्हा फिरवून पाहत होती. विचारलं तर म्हणे, "मावशी, पाचव्या दिवसाच्या मानानं हे लईच पुढं दिसून राहिलं." मी वही उघडून तिच्यापुढं धरली. बारा तारीख, अकरा-दहा. पाच म्हणजे पाच! मशीन चांगली असेल, म्हटलं. तिनं मान डोलावली. या पोरींना स्वतःच्या कामावर भरवसाच नसतो.

१८ मे

आमचे हे म्हणतात, पेन्शनीत नवी ड्यूटी लागली तुले. लागली तर लागली. मस्त वाटते!

२२ मे, बुधवार



दहा दिवस पूर्ण झाले, म्हणून प्रियदर्शनीनं पहिलं अंडं फोडलं. आत बोटभर, डोळे मिटलेलं काहीतरी असेल असं मला सांगितलं होतं. आत पिल्लू होतं. ओली पिसं, चोच, नखं. चोच उघडली त्यानं. नखं चमच्याला आवळली. प्रियदर्शनी ओरडली, मग मन घट्ट करून तिनं जे करायचं ते झटकन केलं. दुसरं अंडं फोडू दिलं नाही मी.

हे दहा दिवसांचं नव्हतंच. माझं डोकं लगेच चाललं — खोलीची किल्ली एकट्या तिच्याकडं. मी सही करायच्या आधीच हिनं मशीन लावली असणार. जुनी होऊन राहिली, जुनी होऊन राहिली, म्हणून मागं लागली होती ना! तोंडावर विचारलं. "नाही जी मावशी, आईची शप्पथ." रडली. रडू दे. ड्रायव्हर उशिरा आला की असाच रडायचा.

तिथंच बसून रिपोर्ट लिहिला. परवानगीआधी काम सुरू केलं, नोंद खोटी. सरांनी संध्याकाळी तिचं काम थांबवल्याचं पत्र काढलं. पीएच.डी.चं आता कठीण आहे म्हणाले. उरलेली अंडी मशीनमध्येच, कमिटी ठरवेल. वाईट वाटते, पण नियम तो नियम.

२३ मे, गुरुवार

पुरावा पक्का असावा म्हणून अंडी देणाऱ्या भागीरथाबाईला खाप्याला फोन केला. अंडी किती तारखेची होती, एवढंच विचारायचं होतं.

"ताजीच होती जी. ठेवली कुठं होती?" बंद खोलीत, म्हटलं. किती दिवस? सात. ती हसायलाच लागली. "मग मशीन काहून लावली? मे महिन्यात बंद खोलीत अंडं आपोआप चालू होते ना बाई! ओल्या रेतीत ठेवा लागते."

पाच तारखेपासून बारापर्यंत. माझ्या सहीसाठी थांबली होती ती अंडी.

प्रियदर्शनीला तीनदा फोन केला. उचलत नाही. चपला घालून दोनदा दारापर्यंत गेले. मागचीच गल्ली आहे. तिच्यापुढं उभं राहून काय बोलायचं ते सुचत नाही — मला!