लवू बोलत नाही

१८ जून १९५६

खटला घेतला. कलम ३०२ — फाशीचं. मी आजवर चोऱ्या-मारामाऱ्यांपलीकडे गेलेलो नाही. घरी बायको, लतिका, म्हणाली, "झेपेल?" मी नुसताच चहा ढवळत बसलो.

आरोपी लवू गावकर. काळाचौकीचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात लालबागला गोळीबार झाला, त्याच दुपारी एका चाळीच्या गच्चीवरून दगड आला आणि एक हवालदार गेला. पोलीस म्हणतात, दगड लवूचा.

माझ्याकडे आले ते कुशाबा, त्याच्याच चाळीतले. त्या गोळीबारात त्यांचा रामदास गेला — एकुलता एक. पुढारी चाळीत आले की आधी कुशाबांच्या पाया पडतात. असा माणूस माझ्या गिरगावच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून म्हणत होता, "लवूक सोडवा. तो थंय नव्हतो." कशावरून, विचारलं; तर छत्री उचलून निघून गेले.

२१ जून

आर्थर रोडच्या तुरुंगात जाऊन आलो. लवू खाली मान घालून बसलेला. कान मोठे, हात त्याहून मोठे.

"मी थंय नव्हतंय," म्हणाला.

"मग कुठे होतास?"

"ता इचारू नकात."

तासभर तेच. शेवटी मी चिडलो. तो नाही चिडला.

३ जुलै

पाऊस. काही झालं नाही.

९ जुलै

लवूची बायको शांता आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. मग एका दमात बोलली — "हे कॉटन ग्रीनला गोदामात होते. कापसाच्या गाठी हलवायच्या होत्या. बंदच्या दिवशी गुपचूप, मागच्या दरवाजातनं गेले. मला तेवढंच सांगितलंनी."

म्हणजे हे! अख्खं गिरणगाव रस्त्यावर, पोरं गोळ्या खातायत, आणि लवू शेठच्या गाठी ओढत होता. चाळ त्याला आज वीर समजते. हे कळलं तर पाणीसुद्धा द्यायची नाही कोणी.

पण जीव वाचेल की.

११ जुलै

गोदामावर गेलो. मुकादम म्हणाला, "त्या दिवशी गोदाम बंद होतं, साहेब." माझ्याकडे न बघता म्हणाला. शेठ भेटलेच नाहीत.

१२ जुलै

लवूला सांगितलं, शांता बोलली. पहिल्यांदाच डोळे वर केले त्यानं.

"तिका साक्षीक उभी केल्यात तर मी जजाक सांगान, दगड मीच मारलंय."

"फाशी होईल रे."

"होवंदे."

"लोक काय म्हणतील म्हणून मरतोस?"

नुसतं पाहिलं माझ्याकडे — कीव आल्यासारखं. परत येताना सारखं तेच डोळ्यांपुढे.

निर्दोष माणूस, मला ठाऊक आहे निर्दोष आहे, आणि तोच माझे हात बांधून बसलाय. गंगाधरपंतांना विचारलं — चाळीस वर्षं फौजदारीत गेली त्यांची. म्हणाले, "अशिलाच्या मर्जीविरुद्ध काही करता येत नाही, हेरंब. ज्युरीपुढे बोल आणि घरी जा."

१३ ऑगस्ट

खटला सुरू झाला. शिपायानं साक्ष दिली, गच्चीवर हाच होता. मी विचारलं — धूर होता, अश्रुधूर होता, इतक्या लांबून चेहरा दिसला? म्हणाला, "दिसला." पुन्हा विचारलं. "दिसला." ज्युरीतले लोक माझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहत होते.

हवालदाराची बायको पहिल्या बाकावर. पदराची गाठ सोडते, बांधते. तिच्याकडे बघवत नाही.

१४ ऑगस्ट

आणखी एक साक्षीदार. तोही ठाम.

कुशाबा रोज येतात, मागे भिंतीला टेकून उभे राहतात. लवू पिंजऱ्यातून त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवतो — नको, नको, अशी. मला वाटलं, म्हाताऱ्याला धीर देतोय.

१६ ऑगस्ट

उद्या कोर्ट विचारील, बचावाचे साक्षीदार? मी उभा राहून म्हणायचं — नाहीत. एवढंच काम उरलंय माझं. शांता आज कोर्टात आली नाही. तिला काय सांगू? लतिकेनं ताट वाढलं, तसंच राहिलं.

१८ ऑगस्ट

लवू सुटला. माझ्यामुळे नाही.

काल मी "साक्षीदार नाहीत" म्हणायला उठलो, तेवढ्यात कुशाबा भिंत सोडून पुढे आले. सरकारी वकिलांनी हरकत घेतली. जजसाहेबांनी बोलू दिलं. कुशाबांनी शपथ घेतली आणि म्हणाले, "लवू माझ्यावांगडा गोदामात होतो. तेका मीच नेलंय. माझो झील रस्त्यार गोळी खाय होतो, तेवा मी बापूस थंय गाठी ओढी होतंय."

लवूनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काका," म्हणाला, "कशाक सांगितलास?"